तिची तक्रार, माझी बोटं

आदल्या संध्याकाळी बायको माझ्यासमोर पाटावर बसून अंबाडी निवडत होती आणि मला झापत होती.

"अजी साब, ये कूलर है के भट्टी? पैसे लेते वखत तो बडा मीठा बोले थे. अब हवा नै, पानी नै, खाली आवाज आ रा. घर में सास पसीने में पडी है मेरी."

"नाव सांगा, अम्मा."

"नाम बाद में. पैले मेरी सुनो."

मी तिच्या तोंडाकडे बघत होतो आणि मांडीवरच्या कीबोर्डवर बोटं चालवत होतो. तो कीबोर्ड मेलेला होता. त्याची वायर खाली लोंबत होती आणि ती कशालाच जोडलेली नव्हती. एल अक्षराची टोपी उडालेली होती, तिथे बोट टेकवलं की आतली स्प्रिंग टोचायची. मी काय छापतोय ते दिसायला पडदा नव्हता, म्हणून पडद्याचं काम तीच करायची. मी तिच्या तोंडाकडे बघायचं आणि तिने माझ्या बोटांकडे.

"थांबा," ती मधेच मराठीवर आली. "नॉइज लिहिताना ओच्या जागी पी दाबलात. परत."

"तू इतकी भांडतेस की बोट घसरतं."

"गिऱ्हाईक काय आरती म्हणत येणारे का? परत. आणि खाली बघायचं नाही. तुम्ही खाली बघितलंत की समोरच्याला वाटतं, याला माझं ऐकायचंच नाही."

मग तिने सासूचा पसीना पुन्हा पहिल्यापासून सांगितला. या वेळी ओ बरोबर बसला. ती उठली, अंबाडी धुतली, भाजी टाकली. आम्ही जेवलो. "उद्या एकदा फ्रिजवाल्या तक्रारी घेऊ, परवा परीक्षा," म्हणाली आणि झोपली. पहाटे नळाला पाणी आलं. रोज पाण्याच्या आवाजाने ती आधी उठायची. त्या दिवशी उठली नाही.

मी सातवी शिकलेला माणूस आहे. जामबागेतल्या मराठी शाळेत शिकलो, तेही माराच्या जोरावर. आमच्या घरातले बाकीचे सगळे कागदांतले. वडील निजामाच्या काळापासून कचेरीत, थोरला भाऊ कोर्टात कारकून. मी तेवढा सिकंदराबादेत एका कंपनीच्या गोदामात खोकी उचलायला लागलो. पंखे, कूलर, फ्रिज बनवणारी कंपनी. खोकी उचलता उचलता तक्रारीच्या काउंटरवर आलो, कारण मला बोलता येत होतं. शहरातली बाई आली की दख्खनीत, नळगोंड्याचा शेतकरी आला की तेलुगूत, आपला माणूस आला की मराठीत. ही काही मोठी विद्या नव्हे. हैदराबादेत गल्लीत वाढलेल्या पोराला हे येतंच.

माझी कामाची एक रीत होती. माणूस तणतणत आला की मी पेन खाली ठेवायचो. त्याला सगळं बोलू द्यायचो. कंपनीला शिव्या, दुकानदाराला शिव्या, मला शिव्या. तो रिकामा झाला की मग पेन उचलून विचारायचो, "आता सांगा, काय बिघडलं?" तेव्हा तो खरी तक्रार दोन वाक्यांत सांगायचा. मी ती देवनागरीत, हिंदी-मराठी मिसळून लिहायचो. आमचे मेकॅनिक तेच वाचून जायचे. वर्षानुवर्षं असं चाललं.

मग सरकारने बाजार मोकळा केला. आबिद रोडच्या दुकानांतून परदेशी फ्रिज चमकायला लागले. आमच्या कंपनीलाही बाहेरच्या कुणी विकत घेतलं. फाटकावरची पाटी बदलली, चहाचे पेले बदलले, साहेब बदलला. नवा साहेब तिशीतला, टाय बांधणारा, बोलायला गोड. त्याने आम्हाला एकत्र बसवून सांगितलं की यापुढे तक्रारी कंप्युटरवर घ्यायच्या, गिऱ्हाईक बोलत असतानाच छापायच्या, इंग्रजीत. चाळिशीच्या आतल्यांना कंपनी शिकवेल. बाकीच्यांसाठी पॅकेज, एकरकमी पैसे घेऊन घरी. स्वखुशीने घ्यायचं.

स्वखुशी हा शब्द मी तेव्हापासून तोंडात घेत नाही.

माझ्या शेजारच्या काउंटरवाल्याने पॅकेज घेतलं, स्कूटर घेतली, पेढे वाटले. वर्षाच्या आत तो त्याच स्कूटरवर पापडांची पुडकी बांधून अंबरपेठेत दारोदार फिरताना दिसला. मला बघून त्याने मान दुसरीकडे वळवली.

मी साहेबाकडे गेलो. तो म्हणाला, "अंकल, आप को क्या जरूरत है? आराम कीजिए."

"साब, आराम मेरी बीवी नै करने देती."

तो हसला. मी हसलो नाही. मग म्हणाला, "टेस्ट देना पडेगा. मुंबई से आदमी आएगा, एक ही बार. पास हो गए तो कुर्सी आप की. नहीं तो पॅकेज."

"देतूं," मी म्हटलं.

कीबोर्ड म्हणजे काय हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पण नाही म्हणायची सवय नव्हती, आणि घरी जाऊन काय सांगायचं हा प्रश्न होताच. घरी सांगितलं तर ती म्हणाली, "बरं केलंत. तुम्ही दिवसभर घरी बसलात तर मी कुठे जायचं?"

हा झाला थट्टेचा भाग. खरं आम्हा दोघांना माहीत होतं. आम्हाला मूलबाळ नाही. नोकरी गेली असती तर पॅकेजचे पैसे किती काळ पुरले असते ते सांगायला ज्योतिषी नको. दादाने तर आधीच सांगून ठेवलं होतं, "पॅकेज घे, अंबरपेठेचं घर विकून टाक, जामबागेत आमच्या मागच्या खोलीत ये. दोन माणसं, तुम्हाला लागतं किती?" दादा वाईट माणूस नव्हता. पण त्या मागच्या खोलीत जायचं म्हणजे काय ते हिने एका दिवाळीत तिथे चार दिवस राहून बघितलं होतं. तूप कुठल्या बरणीतलं घ्यायचं हेही विचारावं लागायचं. ती मला म्हणाली होती, "मी भीक मागेन, पण विचारून तूप खाणार नाही." म्हणून ती परीक्षा. बाकी कंप्युटरशी आमचं काही घेणं-देणं नव्हतं.

अंबरपेठेत एका शिंप्याच्या दुकानावरच्या माडीवर कंप्युटरचा क्लास होता. तिथे सगळी अमेरिकेला निघालेली पोरं. मी पहिल्या दिवशी आत गेलो तर एकाने जागा दिली आणि आजोबांना हाक मारावी तसं विचारलं, "तातगारू, आप भी अमेरिका जा रैं?"

"नै. सिकंदराबाद. बस से."

सगळे हसले. हसू दे. मला त्यांच्या अमेरिकेचं काही देणं नव्हतं. शिकवणारा पडद्याकडे बघून भराभर बोलायचा. मी कीबोर्डवर ए शोधेपर्यंत तो पुढच्या धड्यावर. ए, बी, सी, डी ओळीने का लावली नाहीत हे मी त्याला विचारलं, तर म्हणाला की ते तसंच असतं. ज्याने लावलं त्याला माझ्या काउंटरवर एक दिवस बसवायला पाहिजे होतं.

ही मॅट्रिक. जामबागेतल्याच मुलींच्या शाळेची. माझ्यापेक्षा पुढे शिकलेली, आणि हे तिने मला संसारात एकदाही विसरू दिलं नाही. ती माझ्याबरोबर क्लासला यायची आणि बाहेर जिन्यात बसायची. एका फीमध्ये दोघांना आत घेत नव्हते. मी आत चुका करायचो, ती बाहेर माझं पुस्तक वाचायची. महिन्याच्या आत पुस्तकात काय कुठे आहे ते तिला पाठ आणि मला काहीच नाही. एक दिवस क्लासवाला एक मोडका कीबोर्ड कचऱ्यात टाकायला निघाला होता. तिने जिन्यातच त्याला अडवलं. "टाकताच आहात तर मला द्या." तिने तो पिशवीत घातला, वर कोथिंबीर ठेवली. बसमध्ये कंडक्टरने विचारलं, "ये क्या है, अम्मा?"

"हार्मोनियम."

त्याने खरं मानलं. तिच्या तोंडावर काही दिसायचंच नाही.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात काउंटर उघडायचा. ती भाजी निवडायची नाहीतर लसूण सोलायची आणि गिऱ्हाईक व्हायची. तक्रारीपुरते इंग्रजी शब्दही तिनेच माझ्याकडून पाठ करून घेतले. कधी जुन्या शहरातली बेगम, कधी मारेडपल्लीची तेलुगू मास्तरीण. एकदा तर आमच्या दादाची हुबेहूब नक्कल. "हे पाहा, मी कोर्टात असतो. तुमचा पंखा कायद्याने फिरला पाहिजे." मी हसलो की ती रागवायची. "हसता काय? लिहा. पत्ता घ्या."

पत्ता हा माझा खरा दुष्मन. आमच्या हैदराबादेत घराचा नंबर म्हणजे डॅश आणि स्ट्रोक, आडव्या आणि तिरक्या रेघांची माळ. नुसते आकडे नाहीत. आकडा, डॅश, आकडा, डॅश, आकडा, स्ट्रोक, मग ए किंवा बी, भाऊ वाटणी करून वेगळे झाले असतील तर पुन्हा स्ट्रोक. कागदावर मी नंबर लिहायचोच नाही. 'मशिदीमागे, बर्फाच्या कारखान्याजवळ, लिंबाचं झाड' एवढं लिहिलं की मेकॅनिक पोचायचा. कंप्युटरला लिंबाचं झाड चालत नव्हतं. त्याला नंबरच पाहिजे. मग ती मुद्दाम असले नंबर तयार करायची की ज्यांची वाटणी तीन पिढ्या चालली असावी.

"स्ट्रोक बी स्ट्रोक दोन स्ट्रोक ए."

"असं घर कुठे असतं?"

"आहे. माझ्या सासऱ्यांचं. तुम्हाला काय करायचं? लिहा."

सगळ्यात अवघड होतं ते खाली न बघणं. पेनाच्या काळात मी आधी ऐकायचो, मग लिहायचो. आता दोन्ही एकदम. मी नजर खाली नेली की ती बोलायची थांबायची. अगदी शब्दाच्या मधे. मी वर बघितलं की पुढचा शब्द. असे आठवडे गेले. बोटं आपोआप जायला लागली. एक गोष्ट लिहून ठेवतो, लाज नाही त्यात. इतक्या वर्षांच्या संसारात मी तिच्या तोंडाकडे इतका वेळ कधी बघितलं नव्हतं. कुणी नवरा बघत नाही. तिच्या डाव्या भुवईत एक केस पांढरा झाला होता. रागावली की वरचा ओठ आधी हलायचा, शब्द मागून. हे मला त्या मेलेल्या कीबोर्डने दाखवलं. कंपनीने नाही, साहेबाने नाही. म्हणून ते माझं आहे आणि कुणाला त्यात वाटा नाही.

तर ती उठली नाही. कोपऱ्यावरचा डॉक्टर आला, छातीला नळी लावली, नळी काढून गुंडाळली. तेवढ्यावरून कळलं. झोपेतच गेली म्हणाला, त्रास झाला नसेल. त्याला काय माहीत? त्रास मला झाला.

दादा आला, शेजारी आले. दुपारी अंबरपेठेच्या स्मशानात मीच अग्नी दिला. पोरगा नाही म्हटल्यावर दुसरं कोण देणार? न्हाव्याने डोकं आणि मिशी उतरवली. घरी आलो तर ती जिथे झोपायची तिथे दिवा लावलेला, कणकेवर ताट पालथं घातलेलं. दादा म्हणाला, "दहा दिवस इथून हलायचं नाही. अग्नी तू दिलायस. घोंगडीवर बसायचं, कुणाला शिवायचं नाही."

"उद्या परीक्षा आहे," मी म्हटलं.

 तो उठून बाहेर गेला. थोड्या वेळाने परत आला, माझ्याजवळ पण घोंगडीला न शिवता बसला आणि मायेने म्हणाला, "काळजी करू नकोस. फळीवर तुझ्या साहेबाचं कार्ड होतं. मी चौकातल्या बूथवरून फोन केला. घरी असं असं झालंय म्हटलं. तो बिचारा भला माणूस. म्हणाला, परीक्षा पुढे ढकलता येत नाही, मुंबईचा माणूस उद्याच परत जाणार. मी म्हटलं, मग पॅकेज द्या. भाऊ पॅकेज घेईल. सगळं सांगून आलोय."

"मला न विचारता?"

"अरे, थोरला आहे मी. अशा वेळी तुला काय विचारायचं? आणि आता कमवायचं तरी कुणासाठी? एकटा जीव. दिवस झाले की चल जामबागेला."

आमच्यात थोरल्याने असं करायचंच असतं. धाकट्याच्या घरी दुःख झालं की त्याचं पुढचं सगळं थोरला ठरवतो, आणि धाकट्याने मान खाली घालून बरं म्हणायचं. आमच्या वडिलांनी काकांसाठी हेच केलं होतं. आपण चूक केली असं दादाला मरेपर्यंत वाटलं नाही. मी मान खाली घातली नाही.  

"आता कुणासाठी" हा प्रश्न मला पुढे बऱ्याच जणांनी विचारला. उत्तर सोपं आहे. माझ्यासाठी. बायको मेली म्हणून मी संपलो नव्हतो, आणि जे आम्ही दोघांनी मिळून शिकलो ते तिच्याबरोबर जाळायचं असं कुठल्या शास्त्रात लिहिलं असेल तर ते शास्त्र मला नको.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर मी आंघोळ केली, धुतलेला शर्ट घातला. दादा दारातच आडवा झोपला होता. जागा झाला.

"कुठे?"

"कामाला."

"वेडा झालास का? सुतकात? लोक तोंडात शेण घालतील."

"लोकांचे कूलर बिघडले की ते माझ्याकडेच येतात."

"आणि दिवा? हा दिवा विझू द्यायचा नसतो."

"तेल तू घाल. तू मला विचारलं नाहीस, मी तुला विचारतोय. घालशील ना?"

त्याने मान वळवून दिव्याकडे बघितलं. मी त्याच्या पायांवरून ओलांडून गेलो. थोरल्या भावाला ओलांडणं हा आमच्याकडे काय गुन्हा आहे ते ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

बसमध्ये माझं ताजं मुंडन बघून एका बाईने पदर सावरला आणि शेजारची जागा सोडली. मी ऐसपैस बसलो.

साहेब मला बघून खुर्चीतून उठला. "अंकल, आप के भाई का फोन आया था. मैंने पेपर भी तैयार..."

"भाई का टेस्ट नै है, साब. मेरा है."

"पर इस हालत में..."

"हालत मेरी है. टेस्ट लो."

मुंबईचा माणूस चहा पीत होता. त्याने मला एका कंप्युटरसमोर बसवलं, डोक्यावर कानाला लावायचा फोन चढवला. पुढे तक्रारी फोनवरच येणार आहेत म्हणाला, म्हणून परीक्षाही तशीच. तो शेजारच्या खोलीत जाऊन बोलणार, मी छापायचं. माझ्यासमोर भिंत. बघायला कुणाचं तोंड नाही. ही गोष्ट आम्हाला कुणी सांगितली नव्हती.

कानात आवाज आला. स्वच्छ, मवाळ, रेडिओवरच्या बातम्यांसारखा. "नमस्कार. मेरे रेफ्रिजरेटर में कुछ समस्या है." माझी बोटं हलेनात. एकही नाही. त्याने वाक्य पुन्हा म्हटलं. मी भिंतीकडे बघत होतो आणि साहेब माझ्याकडे.

मी फोनमध्ये म्हटलं, "साब, ऐसा कोई नै बोलता यां पे. थोडा गुस्से में बोलो."

"क्या?"

"तीन दिन से फ्रिज बंद है आप का. दूध फट गया, मेहमान बैठे हैं, मेकॅनिक आया नै. बोलो वैसा."

 मला वाटलं, आता बाहेर काढतात. मग तो माणूस खाकरला आणि सुरू झाला. आधी थोडा लाजत होता, पण माणसाला राग यायला वेळ लागत नाही. पुढे तो इतका तापला की मधेच मराठीवर आला आणि कंपनीच्या आईबापांपर्यंत पोचला. माझी बोटं चालली. नाव, नंबर, डॅश, स्ट्रोक, बिघाड. एका मागून एक तक्रारी आल्या. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता. तसंच गळू दिलं. छापायला पडदा बघावा लागत नव्हता.

चुका झाल्या. पास होण्याइतक्या कमी झाल्या. मुंबईवाला बाहेर आला, माझं डोकं त्याने तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं असावं. "कधी?" त्याने मराठीत विचारलं.

"काल."

 तो कागदावर सही करून निघून गेला.

साहेब म्हणाला, "अंकल, बधाई तो क्या दूँ. आप तेरवीं के बाद जॉइन कीजिए. कुर्सी आप की है."

"खुर्ची माझी आहे तर मग तेरा दिवस रिकामी कशाला?" मी हे मराठीतच म्हटलं. त्याला कळलं.

शिपायाने शटर वर केलं. बाहेर पाच-सहा जण उभे होते. मी काउंटरवर जाऊन बसलो, नवा कंप्युटर चालू केला आणि तो जागा होईपर्यंत थांबलो. पहिली एक बाई होती, हातात कूलरचा पंप, पाणी गळत होतं. तिने पंप माझ्यासमोर आपटला आणि बोलायला लागली. मी तिच्याकडे बघत छापत गेलो. पत्ता घेतला, तक्रारीचा नंबर काढून दिला, टेबलावरचं पाणी पुसलं आणि पुढच्या माणसाला हात केला.